एक जूनची रांग

माझा जन्म एक जूनचा नाही, याचं मला कट्ट्यावर फार वाईट वाटायचं.

माझ्या वयाच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या पिढीतल्या पोरांना आईबाप शाळेत घालायला न्यायचे तेव्हा जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला की वर्ष अंदाजानं टाकायचे आणि पुढं एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेवढाच हिशेब सोपा. अशा रीतीनं अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आणि पुढं एकाच दिवशी निवृत्तही झाला. माझे वडील मात्र देवळाली कॅम्पात लष्करी कचेरीत कारकून होते. तारखेच्या बाबतीत त्यांचा कारभार लष्करीच. त्यांनी माझी तारीख जन्मल्या दिवशीच लिहून ठेवली आणि मला नोव्हेंबरातला एकटीचा वाढदिवस देऊन टाकला.

कट्टा म्हणजे आमचा ज्येष्ठ नागरिक संघ. द्वारकेच्या चौकापासून आत, जिथं ट्रकचे हॉर्न ऐकू येतात पण माणसाचं बोलणं त्यात बुडत नाही एवढ्या अंतरावर, एक बाग आहे. तिच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड. संध्याकाळी तिथं पाय ओढत जमायचं, कॅरम खेळायचा, गुडघ्यांच्या तक्रारी करायच्या आणि अंधार पडला की घरी जायचं. माझे मिस्टर गेल्यावर मी तिथं जायला लागले. मुलगी हर्षाली बंगळुरूला असते. ती रोज फोन करते आणि रोज विचारते, "आई, जेवलीस ना?" मी रोज हो म्हणते. बाकी दिवसभर घरात मी, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आणि कपाटभर पुस्तकं. पुस्तकांचं एक बरं असतं, ती जेवलीस का विचारत नाहीत. पण कुणीच काही विचारत नाही हे रोज सोसायला फार जड जातं, आणि ते मी इथं सरळ कबूल करते.

तर दर एक जूनला कट्ट्यावर खुर्च्यांची एक लांब रांग लागायची. जेवढे एक जूनवाले, तेवढ्या खुर्च्या. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, नवरदेवासारखे ताठ बसायचे. मग आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या चिमणाबाई तबक घेऊन रांगेच्या एका टोकापासून सुरुवात करायच्या. कुंकू, अक्षता, ओवाळणं, की पुढचा. त्यांना स्वतःला शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, म्हणून आधार कार्डवाल्यांनी त्यांना एक जानेवारी देऊन टाकली होती. "मला थंडीत जन्माला घातलं मेल्यांनी," असं त्या म्हणायच्या.

रांगेत कारभारी अण्णा असायचे आणि त्यांच्या शेजारी सलाउद्दीनभाई. दोघंही अंबडच्या एकाच कारखान्यात आयुष्यभर राबले, एक पॅकिंगला, दुसरा टर्नर. निवृत्तीनंतर दोघंही कॅरमच्या एकाच बाजूनं खेळायचे, म्हणजे समोरासमोर बसून जोडीदार. त्यांना हरवणं अवघड होतं, कारण एकमेकांना खुणा करताना ते इतके उघड करायचे की समोरच्याला त्या खोट्या वाटायच्या.

पहिल्या वर्षी चिमणाबाई तबक घेऊन सलाउद्दीनभाईंपुढं आल्या तेव्हा थबकल्या होत्या म्हणे. "तुमच्यात चालतं का रे बाबा?" त्यांनी विचारलं. सलाउद्दीनभाई म्हणाले, "लावा आजी. कंपनीत दसऱ्याला मशिनला लावायचे तेव्हा मशिनबरोबर मलापण लावायचे. मशिन तर अजून चालू आहे." त्यावर सगळे हसले आणि तो प्रश्न तिथंच मिटला. नोव्हेंबरात माझ्या वाढदिवसाला चिमणाबाईंनी तोच प्रश्न मला विचारला होता. आम्ही बौद्ध. ओवाळणं, कुंकू हे माझ्या घरात मी कधी होऊ दिलं नव्हतं, त्यावरून सासरच्यांशी भांडलेही होते. तरी मी चालतं म्हणाले. मिस्टर जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षभरात माझ्या कपाळाला कुणाचंही बोट लागलं नव्हतं.

आता भारतविषयी सांगते. भारत पन्नाशीचा, अंबडला सुटे भाग बनवायचा त्याचा छोटा कारखाना. महापालिकेला आमच्या प्रभागातून उभं राहायचं, हे त्यानं कधी लपवलं नाही. तो प्रथम आला तो प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर त्याचं नाव, म्हणजे आम्ही टेकून बसलो की त्याच्यावरच टेकायचो. मग शेडला नवे पत्रे आले. मग पाण्याची टाकी. मग त्यानं सगळ्यांचे मोबाइल हातात घेऊन एक ग्रुप केला. मला चिडायला निमित्त लागत नाही, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेच. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. चिमणाबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा त्यांचा मुलगा फोन उचलत नव्हता आणि भारतनं स्वतःच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. तो प्रत्येकाला नावानं हाक मारायचा, वाकून पाया पडायचा, आणि परवा सांगितलेलं दुखणं आज आठवणीनं विचारायचा. आमच्यापैकी कितीजणांची मुलं असं करत होती?

मी जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं. शेवटची काही वर्षं एम. ए.च्या वर्गाला नेमका हाच विषय होता, जगभर उजवे पुढारी लोकांच्या नावानं लोकांमध्येच भिंती कशा घालतात आणि लोक त्यांच्या मागं का जातात. त्याची दोन मोठी उत्तरं मी फळ्यावर लिहायचे. एक उत्तर पोटाचं. रोजगार गेला, महागाई वाढली की माणूस मोठ्यानं ओरडणाऱ्याच्या मागं जातो. दुसरं उत्तर मानाचं. पोट भरलेलं असतं, पण आपली चालरीत मागं पडतेय, आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटलं की जातो. मग या दोन उत्तरांचं भांडण लावून मी पोरांना दहा गुणांचा प्रश्न टाकायचे. कट्ट्यावर बसून मी दोन्ही उत्तरं लावून बघितली. पेन्शन सगळ्यांना होती. चालरीत कुणी कुणाची हिरावली नव्हती. ग्रुपवर मात्र आता रोज येत होतं, की आपलं सगळं बुडायला निघालंय, जागे व्हा, ओळखा, सावध राहा. सकाळी सुप्रभात, दुपारी धोका, रात्री शुभरात्री. कारभारी अण्णांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता, सून ताट सरकवून निघून जायची. पण खिशातला फोन दिवसभर वाजत होता आणि प्रत्येक वेळी अण्णांचा चेहरा उजळत होता. माझ्या फळ्यावर हे तिसरं उत्तर कधी आलंच नव्हतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी भारतनं सगळ्यांना खुर्च्या गोल करून बसवलं आणि म्हणाला, "एक जून ही काही तुमची तारीख नाही. ती मास्तरांनी टाकलेली. आपल्याकडे वाढदिवस तिथीनं असतो. यंदा प्रत्येकाची खरी तिथी शोधून काढू. गुरुजी येतील. एक जूनला शेवटची रांग लावू, प्रत्येकाला त्याच्या तिथीची फ्रेम देऊ, आणि पुढच्या वर्षीपासून ज्याच्या त्याच्या तिथीला औक्षण."

मला हसू आलं. ज्यांना जन्माचं वर्ष माहीत नाही त्यांची हा तिथी काढणार. पण पुढं जे झालं त्यानं माझं हसू मावळलं. गुरुजी जमिनीवर पंचांग उघडून बसले आणि एकेकाला विचारू लागले, आई काय सांगायची?

कारभारी अण्णा आधी लाजले. मग म्हणाले, "मला काय ठाव. आई म्हनायची, पोळ्याच्या आदल्या दिशी झाला. बैलाची शिंगं रंगवायची राह्यली म्हनून बाप लय चिडला व्हता."

"श्रावण वद्य चतुर्दशी," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

अण्णांनी ते शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितले. त्यांचे डोळे भरले होते. मग सगळ्यांनाच बोलायचं होतं. कुणाची आई शेतात बाळंत झालेली, कुणाच्या वेळी गोदावरीला पूर, कुणी नागपंचमीचं, म्हणून घरात त्या दिवशी तवा ठेवला नव्हता. ही माणसं आयुष्यभर कारखान्याचा भोंगा आणि कचेरीची हजेरी यांवर जगली होती. तुम्ही कधी जन्मलात, हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून विचारत होतं. मी त्या गोलात बसून ते ऐकत राहिले आणि मला भारतचा राग येईना, याचाच राग आला.

मग सलाउद्दीनभाई म्हणाले, "माझी अम्मी सांगायची, शब-ए-बरातच्या दुसऱ्या दिवशी झालो मी. घरात हलवा अजून संपला नव्हता. म्हणून मला गोड आवडतं म्हणायची."

गुरुजींनी पेन उचललं नाही. त्यांनी भारतकडे बघितलं. भारत हसून, अगदी आदरानं म्हणाला, "चाचा, तुमचं तुमच्या पद्धतीनं करा ना. आमची कुठं ना आहे? कार्यक्रमाला मात्र यायचं. पाहुण्यांमध्ये बसायचं."

तोपर्यंत त्यांना कट्ट्यावर कुणी चाचा म्हटलं नव्हतं. ते सगळ्यांचे सलाउद्दीनभाई होते. आणि पाहुणा तर ते कधीच नव्हते, शेडचा पहिला कॅरम त्यांनीच घासून पावडर टाकून तयार केला होता. मी कारभारी अण्णांकडे बघितलं. अण्णा चपलेचा पट्टा नीट करत होते आणि तो बराच वेळ नीट होत नव्हता. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण मला वाटलं, नीट विचार करून, ठरवून बोलावं.

दोन दिवसांनी भारत माझ्या घरी आला. सोबत कुणी नव्हतं. त्यानं बूट बाहेर काढले, पुस्तकांच्या कपाटापुढं उभा राहून मान डोलावली आणि माझ्या गुडघ्यासाठी कुठलंसं तेल आणलं होतं ते टेबलावर ठेवलं. म्हणाला, "एक जूनला प्रमुख भाषण तुमचं. आपली संस्कृती, या विषयावर. तुमच्याएवढं शिकलेलं आपल्यात कोण आहे?"

"भारत, मी बौद्ध आहे," मी म्हणाले. "तुझ्या तिथ्यांवर माझा विश्वास नाही."

"म्हणून काय झालं? मॅडम, तुम्ही आपल्याच. मागं जे झालं ते झालं. आता सगळ्यांनी एक व्हायचं."

मागं जे झालं. आमच्या मागच्या किती पिढ्या त्यानं त्या तीन शब्दांत गुंडाळून बाजूला ठेवल्या. मी नवीन नवीन प्राध्यापक झाले तेव्हा स्टाफरूममधला माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. आज मला न मागता आत घेतलं जात होतं, आणि ज्या दारानं मला आत घेत होते त्याच दारानं सलाउद्दीनभाईंना बाहेर काढत होते. हे मला लख्ख दिसत होतं. वर्गात असते तर फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. आणि तरीही, लाज सोडून सांगते, मला त्याचं येणं आवडलं. किती दिवसांनी माझ्या घरात दोन कप चहा झाला होता. मी भाषणाला हो म्हणाले. काय बोलायचं ते मात्र त्याला सांगितलं नाही.

एक जूनला शेडला झेंडूच्या माळा होत्या. मोठं स्टेज, माइक, मागं भारतचा हात जोडलेला फोटो. रांग लागली. प्रत्येकाच्या मांडीवर फ्रेम, फ्रेमवर सोनेरी अक्षरांत तिथी, कोपऱ्यात पुन्हा भारत. सलाउद्दीनभाई आले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात नानकटाईचा खोका. दर वर्षी ते सगळ्यांसाठी नानकटाई आणायचे. कार्यकर्त्यानं खोका हातातून घेऊन टेबलाखाली ठेवला आणि त्यांना मागच्या, पंख्याजवळच्या खुर्चीत बसवलं. पंखा त्यांच्यासाठी मुद्दाम लावला होता. रांगेत कारभारी अण्णांच्या शेजारी आता नागपंचमीवाले बसले होते.

चिमणाबाई तबक घेऊन उभ्या राहिल्या तेवढ्यात भारतनं माझं नाव पुकारलं. आधी भाषण, मग औक्षण.

माझ्या हातात कागद होते. मी ते वाचले नाहीत. मी म्हणाले, "भाषण छोटं आहे. सलाउद्दीनभाईंना रांगेत बसवा."

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. "इतकी वर्षं ते अण्णांच्या शेजारी बसतात. त्यांच्या आईनंही त्यांना दिवस सांगितलाय, तुमच्या आयांनी सांगितला तसाच. शब-ए-बरात पुनवेच्या सुमाराला येते. दुसरा दिवस म्हणजे वद्य प्रतिपदा धरा. गुरुजी, लिहा आणि द्या फ्रेम. चंद्र काही दोन नाहीत."

गुरुजींनी पुन्हा भारतकडे बघितलं. मग मला जो राग आला तो मी आवरला नाही. मी एकेकाचं नाव घेऊन बोलले. अण्णांना विचारलं, तुमच्या अपघातात रक्त द्यायला कोण पळालं होतं? चिमणाबाईंना विचारलं, तुमचा रेडिओ कोण दुरुस्त करून देतं? मी म्हणाले, तुम्हाला सांगितलं जातंय की कुणीतरी तुमचं काहीतरी नेणार आहे, आणि ते ऐकत ऐकत तुम्ही स्वतःच्याच हातानं एक माणूस घालवताय. मोठा माणूस वाकून पाया पडतो म्हणून तुम्ही मान खाली घालून बसलाय. त्यांना रांगेत घेणार नसाल तर मी या कट्ट्यावर पुन्हा बसणार नाही.

भारतच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "मॅडमचा मान मोठा आहे. आपण चाचांनाच विचारू." तो चालत मागं गेला आणि त्यानं माइक सलाउद्दीनभाईंच्या तोंडापुढं धरला.

सलाउद्दीनभाई उठून उभे राहिले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोला म्हणून. ते म्हणाले, "माझी काही तक्रार नाही. मॅडम शिकलेल्या आहेत, मोठ्या मनाच्या आहेत. पण मी इथं आरामात आहे. इथून सगळे दिसतात. पंखापण आहे." आणि ते हसले, कपाळावरचा घाम पुसून खाली बसले.

टाळ्या जोरात वाजल्या. मी कागद पिशवीत घातले आणि निघाले. मागून चिमणाबाईंचा आवाज आला, "अहो मॅडम, थांबा तरी," पण त्यांच्या हातात तबक होतं आणि तबकातली वात पेटलेली होती, त्यांना येता येईना. मी द्वारकेच्या चौकापर्यंत चालत आले. रिक्षावाला कुठं जायचं म्हणाला आणि क्षणभर मला सांगता येईना.

संध्याकाळी ग्रुप उघडून बघितला तर मी त्यात नव्हते. त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. पहिल्या आठवड्यात मी ताठ होते. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळ झाली की पाय आपोआप चपलेत जायचे. हर्षालीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बरोबर केलंस. आता दुसरा एखादा ग्रुप शोध ना." तिच्या वयात माणसं शोधून सापडतात.

मग माझ्या मनात आलं, निदान आम्ही दोघं आहोत. कॅरम माझ्या घरीही मांडता येईल. मला येत नाही, पण शिकता येईल. त्यांच्या घरी जाऊन सांगावं. मी वडाळा नाक्यापलीकडं त्यांच्या घरी गेले, जाताना बेकरीतून नानकटाई घेतली. सलाउद्दीनभाईंनी दार उघडलं, मग माझ्या खांद्यावरून गल्लीत नजर टाकली आणि मला आत घेतलं. त्यांची बायको जाऊन बरेच दिवस झाले होते. घर स्वच्छ होतं, माझ्या घरासारखंच, कुणी वापरत नसलेलं स्वच्छ. त्यांनी स्वतः चहा केला.

"मी तुमच्यासाठी बोलले," मी म्हणाले. "तुम्ही तसं का सांगितलंत?"

त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, एक बोलू? राग मानू नका. कारभारीनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो म्हणाला, सल्लूभाई, एवढा एक दिवस मागं बस. फोटो-बिटो होऊ दे. पुढच्या सोमवारी आपण आपले कॅरमवर. आणि तसंच झालं असतं. मी मागची खुर्ची रोज थोडी पुढं सरकवली असती. दिवाळीपर्यंत परत बोर्डाजवळ आलो असतो. कुणाला कळलंपण नसतं."

"म्हणजे त्यांनी मागं बसवायचं आणि तुम्ही सरकत यायचं? जन्मभर?"

"जन्म आता किती राहिला?" ते म्हणाले. "आता काय झालं, सांगतो. मी गेलो की सगळे गप्प होतात. कारभारी माझ्याशी बोलला तर तो मॅडमच्या बाजूचा, नाही बोलला तर भारतच्या बाजूचा. बिचारा घरीच बसतो. आधी मी नुसता कोपऱ्यात होतो मॅडम. कोपऱ्यातल्या माणसाशी बोलता येतं."

मला खूप बोलायचं होतं. गप्प बसलेल्यांमुळेच हे सगळं वाढतं, हे मी हजार पोरांना शिकवलंय. आणि मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. पण समोर बसलेल्या माणसाला माझं बरोबर असणं नको होतं. त्याला कारभारी हवा होता. मी म्हणाले, "मी येत जाऊ का अधूनमधून? चहाला?"

त्यांनी रिकामे कप उचलले. मग म्हणाले, "माझा मुलगा अदनान पुण्याहून रोज फोन करतो. त्यानं कुणाच्या तरी मोबाइलवर तुमचं भाषण बघितलं. म्हणतो, अब्बा, कुणाच्या डोळ्यावर येऊ नका. मॅडम घरी आल्या तर गल्लीत दिसतं. तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही. पण काही दिवस..." निघताना त्यांनी नानकटाईचा पुडा अर्धा करून माझ्या पिशवीत परत घातला. घरी कुणी खाणारं नाही म्हणाले. माझ्याही घरी नव्हतं.

पाऊस सुरू होऊन चांगला स्थिरावला होता. एका संध्याकाळी छत्री घेऊन मी बागेवरून गेले. जायचं कारण काही नव्हतं. कुंपणाच्या जाळीतून शेड दिसत होती. दिवे लागलेले, गर्दी नेहमीची. कारभारी अण्णा आले होते, नागपंचमीवाल्यांशी जोडी करून खेळत होते आणि वाईट खेळत होते. त्यांच्या मागं, भिंतीपासून खुर्ची जराशी पुढं घेऊन, सलाउद्दीनभाई बसले होते. अण्णांचा नेम चुकला तेव्हा ते पुढं वाकून काहीतरी म्हणाले. अण्णांनी मागं वळून बघितलं नाही, पण पुढचा फटका मारायच्या आधी स्ट्रायकर थोडा डावीकडं सरकवला. सोंगटी गेली.

मी जाळीजवळ गेले. बराच वेळ उभी असेन, कारण सलाउद्दीनभाईंनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. त्यांनी मला ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद आला, मग भीती आली. त्यांनी बाजूला कोण कोण आहे ते बघितलं आणि मग माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही बाईकडं टाकावी. मग ते पुन्हा बोर्डाकडं बघू लागले. मी तिथं उभी होते तोवर ते तसेच बघत राहिले.

मी हाक मारली असती तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. त्यांची खुर्ची पुन्हा भिंतीला गेली असती. मी छत्री पुढं केली, चेहरा झाकला आणि तिथून निघाले. आता बाजारात जायचं झालं तर मी मागच्या लांबच्या रस्त्यानं जाते.